सदतीस मिनिटांची नोंद

त्या विद्यापीठात शिकवणारे एकशे चौसष्ट जण होते आणि त्यांत तिच्या समाजाचे तिघे. हा आकडा तिला कुणी सांगितला नव्हता. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दारांवरच्या पाट्या वाचत तिने तो स्वतः काढला होता. ती संख्याशास्त्र शिकवायची आणि मोजल्याशिवाय तिला करमायचं नाही. मुलं तिला आकडेबाई म्हणत. हळूहळू बाकीचेही म्हणायला लागले, आणि तिलाही ते बरं वाटायचं, कारण तिच्या खऱ्या नावाचा उच्चार तिथे धड कुणालाच जमत नव्हता.

उरलेल्या दोघांपैकी एक ताई. त्या वनस्पतिशास्त्राच्या, निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या, त्यांच्या समाजातून या इमारतीत शिकवायला आलेल्या पहिल्या. दुसरा इतिहास शिकवायचा. त्याला दोघी ‘इतिहास’ अशीच हाक मारत. “अहो इतिहास, चहा गार होतोय,” असं ताई म्हणाल्या की तो न चुकता म्हणायचा, “इतिहास गारच असतो, ताई.”

तिथे त्यांना कुणी वाईट वागवत होतं असं नाही. पण चार वर्षं झाली तरी शेजारच्या टेबलावरचे सर तिला म्हणायचे, “भाषा काय छान बोलता हो तुम्ही!” इतिहास रजेवर असला की लोक ताईंना विचारायचे, “तुमच्यातले ते आज आले नाहीत?” जसं काही तिघं एकाच घरातून डबा घेऊन निघत होते. आणि पाच वर्षांनी कायम करायची वेळ आली की समितीपुढे जी फाइल जायची, तिच्यात कोण काय लिहितं हे बाकीच्यांना कुठून ना कुठून आधी कळायचं. या तिघांना कधीच कळायचं नाही.

म्हणून ताईंनी या सहामाहीपासून बुधवार सुरू केले होते. दुपारी साडेतीन वाजता वनस्पतिशास्त्राच्या मागच्या खोलीत, जिथे वाळवलेली पानं कागदांवर चिकटवून कपाटांत ठेवलेली असत. तिघांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचं, जे दिसेल ते लिहायचं आणि बुधवारी हातात द्यायचं. अट एकच, साखर घालायची नाही.

त्या मंगळवारी आकडेबाई इतिहासच्या वर्गात मागच्या बाकावर बसली. दोन आठवड्यांनी, सोमवारी, त्याची समिती होती. तिने नेहमीसारखं मोजलं आणि बुधवारी सकाळी लिहून काढलं: “सदतीस मिनिटं पाहिलं. प्रश्न आला की तुम्ही मुलांकडे पाठ करून फळा पुसता. नऊ वेळा. फळ्यावर पुसण्यासारखं दोनदाच होतं. चौथ्या प्रश्नाला उत्तर नाही, ‘पुढे पाहू’ म्हणालात, पुढे पाहिलं नाही. तिसऱ्या ओळीतली मुलं तुमच्या उच्चाराला हसली, त्यानंतर सहा मिनिटं तुम्ही वहीतून वाचत होतात.” वर तारीख, विषय आणि वर्ग. स्वतःचं नाव नाही, कारण ते कधीच घालत नसत.

दुसऱ्या मजल्यावरच्या सामाईक प्रिंटरला तिने कागद पाठवला. ती पोचली तर त्याच्यातले कागद संपलेले, लाल दिवा लुकलुकतोय, कारकूनबाई जागेवर नाहीत. तिचा तास सुरू होत होता. तो आटोपून तिने ग्रंथालयातून प्रिंट काढली, दुपारी इतिहासच्या हातात दिली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

गुरुवारी दुपारी ती त्याच प्रिंटरपाशी उभी होती. एका तरुण सरांनी कागद भरले आणि यंत्राने धडाधड आठ-दहा पानं बाहेर फेकली.

“हे माझं नाही,” सर म्हणाले.

“जुनं असतं ते,” कारकूनबाई मान वर न करता म्हणाल्या. “कागद संपला की पोटात धरून ठेवतं आणि भरला की ओकतं. काल संध्याकाळी पण असंच.”

आकडेबाईला बुधवारी पाठवलेला आपला कागद आठवला.

तिने ट्रे उचकटला. मागे, खाली, रद्दीच्या खोक्यात पाहिलं. कारकूनबाईंना विचारावं असं वाटलं. काय विचारणार? एका बिननावाच्या कागदात मी माझ्याच मित्राची उणीदुणी लिहिली होती, ती दिसली का? ती घरी गेली. लेकीने गृहपाठातला गुणाकार दाखवला, तर चुकलेल्या उत्तरावर तिने बरोबरची खूण केली. लेक म्हणाली, “आई, तुला बरं नाही का?”

शुक्रवारी धीर करून तिने कारकूनबाईंना विचारलंच. “बुधवारी संध्याकाळी जे कागद आले, त्यांचं काय केलंत?”

“नाव होतं ते ज्याच्या त्याच्या खणात टाकले.”

“आणि बिननावाचे?”

“ते डीनसाहेबांच्या टेबलावर. परीक्षेचं काही असलं तर उगाच घोळ नको ना.”

शनिवार-रविवार तिचा जीव टांगणीला लागला होता. डीन रोज शंभर कागद बघतात, हा फाडून टाकला असेल, असं ती स्वतःला सांगायची. मग लगेच दुसरं मन म्हणायचं, वर तारीख आहे, विषय आहे, वर्ग आहे. कुणाचा हे शाळेतलं पोर सांगेल. तिने दोनदा इतिहासला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

सोमवारी सकाळी डीनकडून निरोप आला.

डीन सभ्य गृहस्थ. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, लेकीची शाळा विचारली. मग खणातून तो कागद काढून टेबलावर सरळ ठेवला.

“सही नाही, पण मोजायची सवय या इमारतीत एकाच व्यक्तीला आहे,” ते हसून म्हणाले. “फार नेमकं लिहिलंय. कौतुकच आहे.”

“सर, ती आमची आपापसातली नोंद होती. प्रिंटरमध्ये राहिली.”

“असेल. पण माझी अडचण समजून घ्या. त्यांच्याबद्दल मुलांच्या तक्रारी आहेत. आम्ही त्या फाइलला लावल्या तर उद्या तुमचे लोक म्हणतील, बघा, आमच्या माणसाला मुद्दाम अडकवलं. हे मात्र तुमच्यातल्याच कुणीतरी लिहिलंय. यावर कोण बोट ठेवणार?”

तिने समोरचं पाणी बाजूला सरकवलं.

“तुम्ही सही करा म्हणजे रीतसर होईल. नाही केलीत तर तसंच जोडावं लागेल.” त्यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. “पुढच्या वर्षी तुमचीही फाइल यायची आहे, नाही का? निःपक्षपाती माणसं आम्हाला हवीच असतात.”

ती म्हणाली, “विचार करून सांगते.”

जिना उतरताना तिला स्वतःची लाज वाटली. ‘नाही’ हा दोन अक्षरांचा शब्द होता आणि तो तिच्या तोंडातून फुटला नव्हता. पुढचं वर्ष म्हणताच तिला घर दिसलं होतं, लेकीची शाळा दिसली होती, आणि त्या तेवढ्या वेळात इतिहास कुठेच दिसला नव्हता.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भांडी विसळत होता, त्याने नळ बंद केला.

“त्याला सांगितलंस?”

“नाही.”

“मग आधी त्याला सांग. बाकीचं मागाहून.”

“तो काय म्हणेल?”

“वाईटच म्हणेल,” नवरा म्हणाला. “पण तुझ्याकडून कळलं तर एकदाच म्हणेल.”

मंगळवारी इतिहास तिला व्हरांड्यात भेटला. उलट तोच खुशीत होता. “आज एकदाच फळा पुसला, तोही बाहीने,” तो लांबूनच म्हणाला. “डस्टर घरीच विसरून आलो, मुद्दाम!” ती हसली आणि तासाला उशीर होतोय म्हणून निघून गेली. तासाला अजून वीस मिनिटं होती. ती मुताऱ्यांच्या बाजूच्या जिन्यात जाऊन उभी राहिली.

बुधवारी साडेतीनला मात्र पळवाट उरली नाही. ताई चहा ओतत होत्या. आकडेबाईने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि एका दमात सांगून टाकलं: प्रिंटर, कारकूनबाई, डीन, सही.

“तुम्हाला कधी कळलं?” इतिहासने विचारलं.

“सोमवारी,” ती म्हणाली. “त्यांनी बोलावलं तेव्हा.”

त्याने कप खाली ठेवला.

“मी तुम्हाला वर्गात बसू दिलं,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. “माझा भाऊ जरी म्हणाला असता, येऊन बसतो, तरी मी नाही म्हटलं असतं. तुम्हाला बसू दिलं.”

“अरे, ऐकून तर घे,” ताई म्हणाल्या.

त्याने पिशवी उचलली, खुर्ची नीट आत सरकवली आणि तो निघून गेला. चहा तसाच राहिला.

आकडेबाईने पर्स टेबलावर ठेवली. “ताई, बंद करू या हे,” ती म्हणाली. “लिहायचंच नाही. लिहिलं नसतं तर काही झालं नसतं.”

ताईंनी त्याचा कप उचलून बाजूला ठेवला. “मी इथे लागले तेव्हा माझ्या वर्गात बसायला कुणी नव्हतं,” त्या म्हणाल्या. “माझा आवाज बारीक. मागच्या चार बाकांना ऐकूच जायचं नाही. हे मला किती वर्षांनी कळलं माहितेय? अकरा. पाच वर्षांचं लांबत लांबत तेव्हा कुठे मला कायम केलं आणि जुनी फाइल एकदा हातात आली. दर वर्षी लिहिलेलं, ‘आवाज पोचत नाही.’ सगळ्यांना ठाऊक होतं गं. फाइलला सांगितलं, मला कुणी नाही सांगितलं. एवढंच म्हणाले असते की बाई, जरा मोठ्याने बोला, तर मी बोलले असते की!” त्यांनी चष्मा पुसला. “तू त्याला सांगितलंस. चूक ते लिहिण्यात नाही, प्रिंटरमध्ये सोडण्यात आहे. ती निस्तर. बुधवार का बंद करतेस?”

“कशी निस्तरू?”

“ते तुझं तू बघ. हिशेबाची माणूस आहेस.”

गुरुवार आणि शुक्रवार इतिहासने फोन उचलला नाही. शिक्षकांच्या खोलीत ती आत शिरली की तो बाहेर पडायचा. तिचं डोकं मात्र चालू होतं, आणि शुक्रवारी वर्गात सरासरी शिकवता शिकवता तिच्या ध्यानात आलं की डीनच्या हातात एकच पान आहे. एका पानावरून कशाचीच सरासरी निघत नाही. या सहामाहीत तिने त्याच्या पाच तासांच्या नोंदी केल्या होत्या. आणि त्याने तिच्या चार.

शनिवारी सकाळी ती त्याच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोने उघडलं.

“या, आत या,” वहिनी म्हणाल्या. “आहेत घरात. दोन दिवस शर्टांना इस्त्री चाललीय. सोमवारी एकच घालणार आहेत, पण सगळे कडक करून ठेवलेत.”

इतिहास इस्त्रीच्या टेबलामागे उभा होता. त्याने ‘बसा’ म्हटलं नाही, पण ‘जा’ही म्हटलं नाही.

“सगळ्या नोंदी समितीपुढे ठेवा,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “पाचही, तारखांसकट. पहिल्या तासाला तुम्ही अकरा वेळा पाठ फिरवलीत. मग आठ. मग परत दहा, तेव्हा तुमचे वडील आजारी होते. मग पाच. मग हे नऊ, समितीच्या धास्तीने. आणि मंगळवारी एकदा, ते मी पाहिलं नाही पण तुम्ही सांगितलंत. त्यांच्याकडे फक्त नऊ आहे. एकटा नऊ खोटं बोलतो.”

“म्हणजे माझी अब्रू मीच हप्त्याहप्त्याने वेशीवर टांगू?”

“तुमची एकट्याची नाही.” तिने पिशवीतून चार पानं काढली. त्याचंच अक्षर होतं. “तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेलं. ‘सोपं आहे’ हा शब्द एका तासात एकोणीस वेळा. ज्याला सोपं जात नाही तो पुढे प्रश्नच विचारत नाही. डाव्या बाजूच्या मुलींकडे बघतच नाही. हेही जोडा. मी खाली सही करते, नावासकट.”

“पुढच्या वर्षी तुमची समिती आहे,” तो म्हणाला.

“माहितेय.”

“हे तुमच्या फाइलला चिकटेल.”

“माहितेय म्हटलं ना.” तिने पानं टेबलावर ठेवली. “तुमच्यातल्याच कुणीतरी लिहिलंय असं ते म्हणतात. मग आमच्यात काय चालतं ते पुरतं बघू देत. एकाने दुसऱ्याची चहाडी केली असं नको.”

इस्त्रीखालून जळका वास यायला लागला. वहिनींनी पुढे होऊन ती उभी केली. “मला विचाराल तर द्या सगळं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “घरीही प्रश्न विचारला की तुम्ही पाठच फिरवता. निदान यांनी मोजलं तरी. माझं तर मोजायचंही राहिलं.”

तो हसला नाही. पण त्याने इस्त्रीची तार काढली, आतल्या खोलीत गेला आणि तिच्या नोंदी चिकटवून ठेवलेली वही घेऊन आला. “खाली बसून सही करा,” तो म्हणाला. “उभ्याने तुमचं अक्षर वाईट येतं.”

सोमवारी सकाळी ती डीनकडे गेली. “त्या एका पानावर मी सही करणार नाही,” ती म्हणाली. “ते सर आज स्वतः सगळ्या नोंदी समितीपुढे ठेवणार आहेत. त्यांत माझ्याही आहेत.” हे वाक्य तिने घरून पाठ करून आणलं होतं, तरी मधे एकदा अडखळली.

डीनने तिच्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत. “स्वतःच्या उणिवा स्वतः लिहून देणारी माणसं फार कमी,” ते शांतपणे म्हणाले. “लक्षात ठेवू.”

दोन ते चार समिती होती. त्या वेळात तिला तास होता आणि तिने तो कसा घेतला हे तिला नंतर आठवेना. चारला इतिहास खाली व्हरांड्यात आला, तिथे ताई आणि ती थांबल्या होत्या. कॉलर घामाने भिजली होती.

“वीस मिनिटं फक्त वही,” तो ताईंना सांगू लागला, ती ऐकतेय हे माहीत असूनही तिच्याकडे न बघता. “बाहेरून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी ती हातातून सोडलीच नाही. म्हणाल्या, हे तुम्हाला करायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणीच नाही. दुसऱ्या एकाने विचारलं, इतकं वाईट शिकवत होतात तर चार वर्षं काय केलंत? मी पाठ फिरवली नाही. म्हटलं, चार वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“मग?” ताईंनी विचारलं.

“मग लिहून घेतलं काहीतरी. ‘कळवू’ म्हणाले.”

कळायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तो बुधवारच्या खोलीकडे फिरकला नाही, आणि आकडेबाई टपालाची पेटी दिवसातून चारदा बघायची, स्वतःची नव्हे, त्याची. नवव्या दिवशी दुपारी तो दारात उभा राहिला. हातात पत्र होतं. त्याला कायम केलं होतं. अध्यापनाच्या रकान्यात ‘उत्तम’ नव्हतं, ‘समाधानकारक’ होतं, आणि खाली एक ओळ: दोन वर्षांनी वर्गाची पुन्हा पाहणी करावी.

ताईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या कुणाला तरी फोन करायला बाहेर गेल्या. खोलीत दोघंच उरले.

“अभिनंदन,” ती म्हणाली.

“हं.” त्याने पत्राची घडी घातली. “खरं सांगू? नोंदीचा राग नव्हताच. ती खरी होती. तुम्ही दोन दिवस गप्प बसलात, सोमवार ते बुधवार, त्याचा होता. मंगळवारी मी तुम्हाला डस्टरचा विनोद सांगितला आणि तुम्ही हसलात.”

इथे गप्प राहता आलं असतं. त्याला कळायचा काही मार्ग नव्हता, आणि पुढच्या वर्षी तिला त्याची गरज लागणार होती.

“दोन नाही,” ती म्हणाली. “सहा. कागद हरवल्याचं मला गुरुवारी कळलं होतं, डीनकडे गेल्याचं शुक्रवारी. सोमवारी कळलं असं मी खोटं सांगितलं. मी घाबरले होते. तुमच्यासाठी थोडी, माझ्यासाठी जास्त.”

तो खिडकीकडे वळला. मग लक्षात येऊन परत फिरला आणि तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. ते त्याला जड जात होतं हे दिसत होतं.

“या सहामाहीत माझ्या वर्गात येऊ नका,” तो म्हणाला.

“बरं.”

“तुमच्या मी येईन. मंगळवार की गुरुवार?”

“गुरुवार,” ती म्हणाली. “दहा वाजता. डाव्या बाजूला बसा.”

त्याने खिशातून छोटी डायरी काढली आणि वेळ लिहून घेतली. तोवर ताई परत आल्या, आणि चहा ठेवायचा कुणी यावरून बोलणं सुरू झालं. तिची फाइल जायला अजून अकरा महिने होते.